शेपटीतले नाव

पान छपाईला सोडण्याआधी मुकादमबाई त्यावरच्या प्रत्येक टेक्स्ट बॉक्सवर एकदा क्लिक करत आणि त्याची खालची कड बघत. मजकूर बॉक्समध्ये मावला नसेल तर तिथे लाल त्रिकोण दिसे. तो फक्त पडद्यावर दिसतो, कागदावर उमटत नाही. न मावलेल्या ओळी कोणाला न सांगता नाहीशा होतात. त्रिकोण दिसला की बाई विचारत, "कोण राहिलं बाहेर?"

पनवेलच्या ज्या साप्ताहिकात मी उपसंपादक होतो, तिथे त्या पाने लावत. वय पन्नाशीचे, घर कोकणी मुसलमानांचे, शिक्षण मराठी शाळेत. त्यांचे शुद्धलेखन संपादकांपेक्षा चांगले होते. आमचे संपादक पाहता ही फार मोठी स्तुती नव्हे.

चौकोनी बॉक्स म्हणजे दारिद्र्य, असा समज तेव्हा जाहिरातदारांत पसरला होता. लग्नाच्या शुभेच्छा बदामात, श्रद्धांजली समईत, दवाखान्याचे उद्घाटन गोळीत. बाई एकेक बिंदू ओढून आकार काढत आणि मजकूर त्यात बसवत. हात अचूक, तोंड चालू. "समईच्या दांड्यात 'कर्तव्यदक्ष' हवं म्हणतात. या अल्ला! 'कर्तव्य' मावतंय. 'दक्ष' काय तेलात बुडवू?"

मजकूर जास्त झाला की मी खालून कापत असे. महत्त्वाचे वर, बिनमहत्त्वाचे खाली, असे मला शिकवले गेले होते. त्यावर बाई म्हणत, "तुमच्याकडे पंगत सोपवली तर जेवण कमी पडल्यावर शेवटच्या माणसाला उठवाल, साहेब." 'साहेब' हा शब्द त्या कोणत्याही शिवीपेक्षा चांगला वापरत.

विमानतळ होणार, होणार म्हणून बरीच वर्षे झाली होती. विमान सोडून सगळे उतरले होते: दलाल, बॅनर, बिल्डर. शेती विकून बिल्डर झालेले करंजाड्याकडचे हिराजीशेठ त्यांपैकीच एक. आपल्या वाढदिवसाच्या जाहिरातीचे पूर्ण पान द्यायला ते एका दुपारी स्वतः आले.

"माजा विमान पायजे," ते म्हणाले. "नाकान मी, पंखांवर पोरा, शेपटीन बाकीची."

बाईंनी विमान काढले. घराण्यातली नावे क्रमाने भरली. शेपटी निमुळती होती. लाल त्रिकोण आला.

"कोण राहिलं बाहेर?"

शेवटचे नाव राहिले होते. श्रीमती बायजाबाई, हिराजीशेठच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. मी पडद्याकडे न बघताच म्हणालो, "एकच आहे ना? कापा."

"ऱ्हाऊ दे ऱ्हाऊ दे," हिराजीशेठ बशीतला चहा संपवत म्हणाले. "नाय मावला तं नाय मावला. मशीननं खाल्ला म्हनून सांगू."

"माझं मशीन शाकाहारी आहे, शेठ. माणसं खात नाही."

शेठ हसले. मग गरज नसताना बोलले. "तिकडंपन तिचा नाव कमीच होनार हाय."

बाईंनी माउसवरचा हात काढला. "सातबाऱ्यावरून?"

"मंग? भाऊ गेला. तिला पोर ना बाळ. कशाला पायजे जमीन?"

"म्हणजे आधी विमानातून उतरवायची, मग जमिनीवरून."

हिराजीशेठनी ते ऐकले नाही किंवा ऐकून सोडून दिले. नाकातला स्वतःचा फोटो त्यांनी दोनदा बघितला, "झ्याक" म्हणाले आणि गेले. शेपटी तपासायला माणूस सहसा थांबत नाही.

ते गेल्यावर बाईंनी शेपटीचे बिंदू बाहेर ओढले. नाव आत आले. अक्षर बारीक करणे त्यांनी नाकारले. "बारीक अक्षरात छापलेला माणूस असून नसल्यासारखा." मी पानावर सही केली. या प्रकरणातले माझे योगदान एवढेच, तेही घाईत.

शुक्रवारी अंक निघाला. फुगलेल्या शेपटीमुळे विमान थेट माशासारखे दिसत होते. संध्याकाळपर्यंत गाव त्याला 'हिराजीशेठचं पापलेट' म्हणू लागले.

सोमवारी बायजाबाई आली. अंक पदरात गुंडाळून आणला होता. "माजा नाव कुठं हाय? मना वाचता येत नाय. बोट ठेव." बाईंनी तिचेच बोट धरून शेपटीवर ठेवले.

"जाऊ बोलली, तुला काडली. हाय ना पन?"

"आहे. 'श्रीमती'सकट आहे."

"तलाठ्याला दाकवू?"

"हा अंक घरात ठेवा. तलाठ्याकडून सातबारा काढून घ्या, आजच. कोणी कागद पुढे केला तर अंगठा देऊ नका. पापलेटावर जमीन राहत नाही, बाई."

बायजाबाई बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसली. मग अंक पुन्हा पदरात गुंडाळून तलाठी कार्यालयाचा रस्ता विचारत खाली उतरली.

हिराजीशेठ मात्र पापलेटाची तक्रार घेऊन साप्ताहिकाच्या मालकांकडे गेले होते. मालकांनी मला दिलगिरी लिहायला सांगितली. मी लिहिली, कारण तसे मजकूर मला चांगले जमत. 'संगणक ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे विमानाचा आकार बिघडला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संबंधितांना कामावरून कमी करण्यात आले आहे.' पान लावणारे दुसरे कोणी नसल्यामुळे तो मजकूर बाईंकडेच गेला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. शीर्षकातल्या माझ्या 'दिलगीरी'तला 'गी' ऱ्हस्व केला. "कमी," त्या म्हणाल्या. "इथेही तोच शब्द." मग साधा चौकोनी बॉक्स काढला, मजकूर भरला आणि सवयीने त्यावर क्लिक करून खालची कड बघितली. त्रिकोण नव्हता. सगळे मावले होते.

"कोण राहिलं बाहेर?" त्यांनी विचारले. या वेळी त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

त्यांनी चष्मा डबीत ठेवला, जेवणाचा डबा घेतला आणि त्या जिना उतरल्या. पान माझ्यासमोर उघडे होते. त्यांना कमी केल्याची ओळ सर्वांत शेवटी होती. खालून कापायची माझी सवय त्या दिवशी मला आठवली नाही.