मजल्यावर एकच कुकर

भुसावळहून निघालेली एसटी अजिंठ्याच्या घाटाला लागली, तेव्हा हे खिडकीशी बसून म्हणाले, "फिरायला नेत नाही म्हणून जन्मभर बोललीस. आता नेतोय बघ." मला हसू आलं नाही. लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला येतात. आम्ही यांच्या पोटातल्या गाठीवर उपचार घ्यायला चाललो होतो. वजन उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पिशवीत कपड्यांच्या आधी विजेचा कुकर, तांदूळ आणि मुगाची डाळ गेली.

शहागंजला अत्तराच्या दुकानावर आमचं लॉज. कुकर बघून मॅनेजर चाचा म्हणाले, "पकाओ बहेनजी. लेकिन माळे (मजल्या) पे एकच. दो लगे तो सबकी लाईट जाती."

पहिल्याच संध्याकाळी लाईट गेली. शेजारच्या खोलीतून कौसाबाई बाहेर आल्या. जालन्याकडच्या. नवऱ्याला, म्हणजे भाऊंना, घेऊन त्याच दवाखान्यात त्याच उपचाराला आलेल्या.

"माझी लाईटची शेगडी जळाली वो ताई. आता ह्यान्ला काय घालू?"

तेव्हापासून आमचं झालं की कुकर त्यांच्याकडे जायचा.

खिडकीची कड हाच माझा ओटा. मंडईतून दुधी, पालक आणायचा, वर्तमानपत्रावर चिरायचा आणि तूप-जिऱ्याची पातळ खिचडी लावायची. फोडणीच्या वासानं यांना मळमळायचं, म्हणून खिडकी सताड उघडी. कान गरम होतील असं तिखट भरीत खाणारा माणूस वाटीकडे बघून म्हणायचा, "यापेक्षा तुझी बोलणी चविष्ट होती." मी चमचा पुढे करायची. दोन चमच्यांनंतर ते मान फिरवायचे.

एकदा कौसाबाईंनी येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ) आणून दिलं. "लग्नाच्या पंगतीला ह्याची आमटी करत्यात आमच्याकडं. तिखट नाय घातलं. लई पातळ करून पाजा." हे अख्खी वाटी प्यायले. वर विचारलं, "लग्न कुणाचंय?" त्या आठवड्यात वजन उतरलं नाही. मी वेड्यासारखी आनंदले, परतताना बीबी का मकबरा बघायचा असंही ठरवलं.

मग ताप आला, वजन भराभर उतरलं आणि पुढचं औषध थांबलं. यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि एका सकाळी हे गेले.

यांना घरी न्यायची गाडी ठरेपर्यंत सामान आणायला मी गावाहून आलेल्या दिरांबरोबर लॉजवर आले. कुकर माझ्या दाराशी घासूनपुसून ठेवलेला. कौसाबाई वाटीत बिस्किटं भिजवत होत्या.

"भाऊंचं वजन करणार आहेत ना उद्या?" मी विचारलं.

"व्हय. पर आज तुमच्या कुकरला हात नाय लावायचा ताई. माणूस गेलं म्हंजी चूल पेटत नसती."

आमच्याकडेही तीच रीत. पण भिजलेल्या बिस्किटांनी वजन राहत नाही, हे आता माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? मी डाळ-तांदूळ धुतले आणि बटण दाबलं. दारातून दीर म्हणाले, "वहिनी, हे काय करताय?"

"यांच्या वाटणीचं आहे," मी म्हणाले. "वाया कशाला घालवू?"

कौसाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. खिचडी शिजेपर्यंत मीही रडले. कुकर त्यांच्याकडेच ठेवून आम्ही निघालो. घाटातून येताना मी खिडकीशी बसले नाही.

घरी शेजारणी पाळीपाळीनं पिठलं-भाकरी आणत होत्या. मी ताट तसंच झाकून ठेवायची. ताट पुढ्यात असतानाच कौसाबाईंचा फोन आला.

"वजन भरलं ताई. औषध दिलं ह्यान्ला."

मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. आमचंच का नाही भरलं?

"तुमी जेवल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग फोन ठिवते. जेवा आधी."

मी भाकरी पिठल्यात कुस्करली. हाताच्या सवयीनं ती अगदी मऊ झाली, यांना गिळता येईल इतकी. तो घास मी खाल्ला.