विझलेला ठिपका

प्रयोगशाळेत सगळे तिला बाई म्हणत आणि तिच्या रागाला टरकून असत. कोवळ्या पेशीत एका ठिपक्यापासून सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे पेशीला आधार देणाऱ्या बारीक नळ्यांचे, धागे चहूकडे पसरतात; तो ठिपका पाहण्यात तिची हयात गेली होती.

आई गेली आणि आठवड्याभरात बाई कामावर हजर झाली. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत ठिपकाच दिसेना. "रंग बसला नाही मेला!" म्हणत तिने एकेक काच कचऱ्यात भिरकावली. शेवटच्या काचेपाशी मात्र ती थबकली. धागे भरपूर होते, फक्त ते आता केंद्रकाच्या कडेकडेने निघत होते. रंग चोख बसला होता. पेशी स्नायूच्या होऊ लागल्या होत्या, आणि तसं होताना ठिपका आपलं काम सोडतोच; ते मग केंद्रकाची कड उचलते. इतकी वर्षं हेच तर ती शिकवत आली होती.

भावाची ख्यालीखुशाली तिला आजवर आईकडूनच कळायची. आता कसलं माहेर, असं म्हणून तिने त्याची चौकशीही केली नव्हती. तिने हातमोजे काढून फोन लावला.

"ताई? काय झालं?" भाऊ दचकला.

"काही नाही रे. तुझं सगळं आई सांगायची. आता तूच सांग."