साहेबांची सही

साहेबांनी एकतीस वर्षं खेडोपाडी पाहणी केली. पाहणी म्हणजे गाडी वेशीपर्यंत, पुढचं सगळं काचेतून. खेड्याचे हाल त्यांना तोंडपाठ होते, पाहिले मात्र नव्हते. ते पाहायला बिचाऱ्यांना निवृत्तीनंतर विमानात बसून परदेशी, धाकट्या बहिणीकडे जावं लागलं!

परदेशातलं खेडं म्हणजे हिरवळ आणि टुमदार घरं, अशी त्यांची समजूत होती. पोचले तर नळाला गढूळ पाणी, दुकान वीस किलोमीटरवर, शाळेला कुलूप. मेहुण्याच्या किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात जायचं, आणि शहराला जाणारी बस एकच. तीही प्रवासी नाहीत म्हणून बंद करायचं घाटत होतं, आणि त्यासाठी सरकारी पाहणीवाला येणार होता.

"बस गेली तर ह्यांचं काय रे, दादा?" बहिणीने विचारलं. घरची गाडी आजारपणात केव्हाच विकली होती.

साहेबांचं रक्त खवळलं. "येऊ दे त्या पाहणीवाल्याला! त्याला एकेक मुद्दा खडसावून विचारला नाही, तर नाव लावणार नाही."

पाहणीवाला आला तो नेमका रविवारी, बसला सुट्टी असते त्या दिवशी. अर्धी काच खाली करून त्याने रिकाम्या थांब्याकडे पाहिलं आणि लिहिलं, प्रवासी शून्य. साहेबांनी ही चलाखी लगेच ओळखली, कारण स्वतः शंभरदा केली होती. ते तरातरा पुढे गेले.

"मी निवृत्त पाहणी अधिकारी आहे," त्यांनी दरडावलं.

"अरे वा! म्हणजे आपण आमच्यातलेच की, साहेब!" पाहणीवाला चक्क गाडीतून उतरला.

निवृत्तीनंतर ऑफिसच्या शिपायानेसुद्धा त्यांना साहेब म्हटलं नव्हतं. झालं, साहेब विरघळले. वरिष्ठांचा जाच, भत्त्यांची रड, गप्पा अशा रंगल्या की बहिणीने चहा आणून दिला. मेहुणे खिडकीतून आशेने बघत होते.

निघताना पाहणीवाल्याने 'प्रवासी शून्य' लिहिलेला तोच कागद पुढे केला. "इथे हजर असल्याची एक सही. नुसता उपचार हो."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, झोकात सही ठोकली, खाली तारीखही घातली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बहीण धावत आली. "सांगितलंस ना रे सगळं?"

साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, "फार चांगला माणूस आहे गं."