द्राक्षमळ्याच्या सहलीसाठी लिहिलेले चार पानी पत्र

इटलीला जाण्याची कल्पना माझी नव्हती. माझ्या पत्नीने जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामानाचा धडा दरवर्षी येई : उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, डोंगरउतारावर द्राक्षे आणि ऑलिव्ह. शिक्षिकेसह वर्गातल्या कोणीही ऑलिव्ह कधी पाहिलेले नव्हते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ऑक्टोबरातली तारीख दिली. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "गुडघे बदलाच्या आधी मले थो उतार पाहाचा हाये. मंग चढनं होईन का नाई, कोनाले मालूम."

पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने आठवडाभरात सगळे जुळवले. टस्कनीच्या टेकड्यांत एक शेतकरी कुटुंब आपल्या मळ्यातच पाहुण्यांना खोल्या देते. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी असते. पाहुण्यांनी सकाळी तोडणीला हात लावायचा, दुपारी तळघरातली लाकडी पिंपे पाहायची, संध्याकाळी वाइन चाखायची. निघताना प्रत्येकाला दोन बाटल्या भेट. आठ दिवसांचा हा कार्यक्रम मुलीने पाठवला आणि मी तो लाल पेन्सिल घेऊन वाचला.

माझ्या हरकती दोन होत्या. पहिली, आमच्या घरात पंचशील आहे, आणि त्यातले पाचवे शील मद्याविषयी काय सांगते याबद्दल दुमत नाही. दुसरी, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिचे पालन किती होते, या विषयावर मी पुष्कळ पत्रे लिहिली आहेत आणि हात चालतो तोवर लिहीन. ज्या माणसाने इतरांना या कायद्याची आठवण करून द्यायची, त्याने दोन बाटल्या घेऊन आमच्या पिपरी मेघे गावात उतरायचे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. परदेशात आपला कायदा चालत नाही, हे मला ठाऊक होते. प्रश्न परतीचा होता.

व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र द्यावे लागते. मुलगी म्हणाली, अर्धे पान पुरे. मी चार पाने लिहिली, चौदा परिच्छेदांत. सहाव्या परिच्छेदात नमूद केले की, अर्जदारांनी आजवर मद्यपान केलेले नाही व पुढेही करणार नाहीत. नवव्यात, अर्जदार दारूबंदी असलेल्या जिल्ह्याचे रहिवासी असल्याने भेटीच्या बाटल्या लेखी स्वरूपात नाकारतील. अकराव्यात, यजमानांच्या स्वयंपाकात वाइन वापरली जात असल्यास अर्जदार सोबत आणलेल्या पोह्यांवर निर्वाह करतील.

पत्नीने चष्मा लावून ते सगळे वाचले.

"अवो, हे काऊन लिहून राह्यले? पाचवं शील आपल्या घरचं. थे तिकडच्या साहेबाले कायले सांगता?"

"माहिती दडवता येत नाई," मी म्हणालो.

"दडवून कोन राह्यलं? कोनी इचारलं तरी का तुमाले? आन पोहे! पोह्याचं बी लिहिलं!"

मी न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली. प्रतिज्ञापत्रे तपासणे हे माझे काम होते. एक ओळ गाळल्यामुळे अर्ज पडलेली माणसे मी रोज पाहिली. जास्त लिहिल्यामुळे पडलेला अर्ज मात्र पाहण्यात आला नव्हता. पत्र जसेच्या तसे गेले.

ऑगस्टच्या सुरुवातीला आमचे दोन्ही पासपोर्ट परत आले. सोबत छापील कागद होता आणि त्यावरच्या एका चौकटीत खूण केलेली होती : प्रवासाचा सांगितलेला हेतू विश्वसनीय वाटत नाही. माझ्या सत्याला अविश्वसनीय म्हटले गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. दोन दिवस मी पत्राची प्रत ओळीओळीने पुन्हा तपासली. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, त्यांच्या बाजूने बघा ना. वाइनला हात न लावणारं म्हातारं जोडपं, दारूबंदीच्या जिल्ह्यातलं, आठ दिवस वाइनच्या मळ्यात पोहे खात बसणार. मी तिथे असते ना, तर मीसुद्धा नाकारला असता."

नकाराविरुद्ध अपील करता येते आणि ते रोमच्या न्यायालयात चालते, हे मी शोधून काढले. त्याच दुपारी मसुद्याला हात घातला. पत्नी चहा घेऊन आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"किती दिवस लागन याले?"

काही महिने, असे मी सांगितले.

"तोडनी सप्टेंबरात हाये. माह्ये गुडघे ऑक्टोबरात." कप टेबलावर ठेवत ती पुढे म्हणाली, "आन रोमले तारखेवर जाईन कोन? व्हिसा तं नाई तुमाले!"

वकील नेमता येतो, असे मी म्हणालो. ती हसत हसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या सवयीप्रमाणे रेघांच्या कागदावर स्वतःचे पत्र लिहिले. अर्धे पान भरले. तिचा मजकूर असा : मी भूगोल शिकवला. ज्या उतारांविषयी शिकवले ते गुडघे चालतात तोवर पाहायचे आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असल्याने परत येणे भागच आहे, डॉक्टरांचा कागद सोबत. आधीच्या नकाराचे कारण द्यावे लागते. तिथे तिने लिहिले होते : आम्ही काय पिणार नाही, हे माझ्या पतीने सविस्तर कळवले होते, आम्ही काय पाहणार आहोत, ते लिहायचे राहून गेले.

"कायद्यात बसते का पाहा," ती म्हणाली.

मी दोनदा वाचले. खोडण्यासारखे काही सापडले नाही.

मी मात्र नव्याने अर्ज केला नाही. तसे करणे म्हणजे तो नकार मान्य करणे, अशी माझी भूमिका होती. तिने एकदा विचारले, पुन्हा विचारले नाही. अर्ज मायलेकींचा गेला आणि व्हिसा आला. सप्टेंबरात मी त्यांना नागपूरच्या विमानतळावर सोडून आलो. घरी आल्यावर अपिलाचा कागद पुढे ओढला, पण त्या दिवशी काही सुचले नाही. नंतरही फारसे सुचले नाही आणि मुदत निघून गेली.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. इथे तिसरा प्रहर होता, तिथे सकाळ.

"जिमीन आपल्यापरीस हलकी हाये, नुसते गोटे. तरी घड पाहा कसे लागले! म्या एक टोपलं तोडलं कात्रीनं."

चढ कितपत जमला, असे मी विचारले.

"अर्ध्यात बसली मी. पोरगी वर गेली."

"वर काय आहे?"

"थेच तं दिसून नाई राह्यलं इथून. ऑलिव्हची झाडं हायेत म्हनते." मागे कोणीतरी परक्या भाषेत हाका मारत होते. "पुढच्या साली नव्या गुडघ्यानं येऊ. तवा तुमी बी चाला. अर्ज मी लिहीन, तुमी सही करजा."

सही मी वाचल्याशिवाय करत नाही, हे तिला चांगलेच माहीत आहे. तरी मी तसे सांगितले.

"वाचा ना," ती म्हणाली. "वाचाले कोन नाई म्हनते? फक्त लिहू नोका."