आमच्या नवमीच्या सवाष्णी

बायको माझ्याआधी गेली, म्हणजे सवाष्ण गेली. अशा बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला दुसऱ्या घरची सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, तेव्हा गेलेलीला पोचतं. ही पहिलीच नवमी, त्यात रविवार. सुनेनं पहाटे पुरण शिजवलं आणि सवाष्ण म्हणून सांगितलेल्या मेहुणीचा देहूहून फोन आला, भावकीत सुतक पडलंय, येता येत नाही. आमच्या तळेगावच्या बिल्डिंगीतल्या बाया कुणी गावाला, कुणी शिफ्टला. बायको उपाशी राहणार म्हणून माझा जीव खालीवर व्हायला लागला.

खालच्या मजल्यावर माझा कोरियन दोस्त राहतो. कंपनीत साहेब आहे, हिंदी माझ्यासारखीच मोडकी. बायको गेल्यापासून संध्याकाळी बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसायचा, तेवढीच ओळख. दर रविवारी त्याच्या हॉलमध्ये त्यांचं चर्च भरतं.

म्हटलं, "तुझी बायको पाठव जेवायला. माझ्या बायकोसाठी."

तो ओशाळला. "भाऊ, हम लोग मरे हुए को खाना नहीं देते."

"मेलेलीला कोण देतंय? जितीनंच जेवायचं हाय. एवढं तरी चालतं का न्हाई तुमच्या देवाला?"

आतून त्याची बायको आली. बाई कडक. नवी नवरी असताना पूर्वजांच्या ताटापुढं वाकली नाही, म्हणून सासूनं वर्षभर अबोला धरलेला, असं दोस्तानंच सांगितलं. तिनं अटी घातल्या. फोटोपुढचं ताट खाणार नाही, जेवणाआधी प्रार्थना करणार, कुंकू लावणार नाही.

"कुंकवाबिगर सवाष्ण कशी?"

दोस्तानं तिला समजावलं, नवरा जिवंत असल्याची ती खूण. तिनं सरळ त्याची कॉलर धरली. "ये है ना जिंदा."

म्हटलं, बरं, ये तशीच.

दुपारी चर्च सुटलं, बेल वाजली. दार उघडतो तर जिन्यात रांग. त्यांच्यात प्रार्थनेनंतर सगळी मिळूनच जेवतात, एकीनं उठून जायचं नसतं. दर बाईच्या एका हातात नवरा, दुसऱ्या हातात कोबीच्या लाल लोणच्याचा डबा. पुरावा लागतो असं त्यांना सांगितलेलं. सून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

"आबा, पुरण घरापुरतंच हाय."

"मग पोळ्या पातळ लाट."

दोस्ताच्या बायकोची प्रार्थना संपेना. आमटी निवायला लागली म्हणून मी एक डोळा उघडला, तर दोस्ताचाही एक उघडा. आम्ही दोघं म्हातारे खुदखुदत होतो, तेवढ्यात त्या परक्या बोलीत माझ्या बायकोचं नाव आलं. बाईनं ते सुनेला विचारून घेतलेलं. मी जन्मात कधी चारचौघांत ते घेतलं नव्हतं. हसता हसताच नाक पुसलं.

मग पंगत बसली. कटाची आमटी वाट्या तोंडाला लावून प्यायले. पोळीत ते लोणचं गुंडाळून मलाही भरवलं. बरं लागलं, खोटं कशाला बोलू. खण एकच होता, तो दोस्ताच्या बायकोच्या ओटीत गेला. बाकीच्यांना मूठमूठ तांदूळ. नवऱ्यांनीपण ओंजळी पुढं केल्या, सून हसून खालीच बसली.

दोस्ताच्या बायकोनं आणखी एक पोळी मागितली. सवाष्ण मागून जेवली म्हणजे पोचलं, आणखी काय पाहिजे? पुरण संपलेलं. माझ्या ताटातली, हात न लावलेली, तिला वाढली.

"आबा, तुमाला काय?" सून म्हणाली.

"मला पिठलं टाक."