कोरड्या विहिरीच्या जागी दुसरी विहीर

मी भूजल खात्यात आहे. विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल गेलं ते मोजायचं, हे माझं काम. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. आष्ट्याला घरी गेलो की भावकीतले अजून हसतात. "ह्याला सरकार इहिरीत डोकवायचा पगार देतंय."

हसू देत. त्या डोकावण्यानं एका वस्तीचा पाण्याचा टँकर बंद झाला, हे मी आजवर त्यांच्यापाशी बोललो नाही. या मे महिन्यापर्यंत कुणापाशीच नाही.

वस्ती आटपाडीच्या पूर्वेला, माळावर. तिच्या वरच्या अंगाला आमची ठरलेली विहीर होती, दर हंगामात मोजायची. तिकडचा पाऊस आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. पेरणीच्या वेळी फिरकत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर तासा-दोन तासांत असा कोसळतो की माती घेऊन ओढ्यानं निघून जातो. मुरत काहीच नाही. एका उन्हाळ्यात मी टेप सोडली, तर खालचं वजन दगडावर वाजलं. खडू जसाच्या तसा वर आला.

संगणकाला कोरडी विहीर चालत नाही, त्याला आकडा लागतो. अशा वेळी आमच्याकडं एक रीत आहे. कोरडी विहीर वगळायची आणि त्याच गावातली पाणी असलेली विहीर धरायची. मी खालच्या अंगाची धरली. डांबरी रस्त्याला लागून, जीप थेट बांधापर्यंत. मालक निवृत्त सुभेदार, चहाशिवाय सोडत नसत. वर कालवा. उपसा योजनेचं पाणी सुटलं की पाझरून ही विहीर भरायची. सुभेदार हसत म्हणाले, "साहेब, ह्या इहिरीला दुष्काळ कसा असतो ते ठावंच न्हाई." मीही हसलो आणि खडूचा ओला भाग मोजला. न समजायला मी काही नवखा नव्हतो. ऊन होतं, वस्तीपर्यंत चढायचा कंटाळा होता. कारण एवढंच, आणि ते लिहिताना आज लाज वाटते.

कागदावर गावाचं पाणी वर चढलं. त्याच सुमारास कचेरीत हवामान बदल कक्ष निघाला. म्हणजे सामानाची खोली रिकामी करून रंगवली, एसी बसवला, दारावर पाटी लावली. त्या थंडगार खोलीत बसून साहेबांनी भिंतीवर त्या गावाचा आलेख दाखवला. बदलत्या हवामानातही पातळी वाढलेलं गाव, म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. खोलीतल्या कुणालाही हे गाव कुठल्या विहिरीवर तरलंय ते विचारावंसं वाटलं नाही. संताप येतो तो त्या सगळ्यांचा, पण सगळ्यात आधी माझ्या त्या दोन हातांचा.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीचा दरवर्षीचा टँकरचा अर्ज परत आला. पाणीपातळी समाधानकारक, असा शेरा. शब्द तहसीलचे, आकडा माझा.

या मे महिन्यात मी वस्तीवर चढलो. पहिल्याच घरातल्या चाची दारात बसल्या होत्या. सून आत झोपून होती. सुभेदारांच्या विहिरीवरून घागरी आणताना उतारावर पडली, तेव्हापासून तिला कंबर हलवता येत नव्हती.

"आवं सायब, पानी हाय म्हणून लिवणारं ते तुमीच का?"

"व्हय."

"मग दावा की कुटं हाय ते. आमी भरून घेतो."

त्यांना घेऊन जुन्या विहिरीवर गेलो, टेप सोडली. कोरडा खडू चाचींनी बोटानं पुसून पाहिला आणि बोट पदराला पुसलं.

कचेरीत सगळं सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, आलेख वर गेलाय. आता मधल्या वर्षांचं काय सांगायचं?"

"खोटी होती म्हणून सांगा. मी केली."

"तुम्ही जरा घरी जाऊन विश्रांती घ्या."

घेतली नाही. जुनी विहीर कोरडी, नवी कालव्यावर भरते, असं हातानं लिहून तहसीलला स्वतः दिलं. तिथून फेरपाहणीचा हुकूम निघाला, आणि कचेरीतून मला खुलाशाची नोटीस. पाहणीला मला पाठवणार नाहीत. जो येईल तो डांबरी रस्त्यानं येईल, सुभेदारांचा चहा पिईल आणि खडू ओला करून परत जाईल. मी तेच करत होतो, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून पाहणीच्या दिवसाची रजा टाकलीय. खाली रस्त्यावरच जीप अडवणार आणि येणाऱ्याला पायी वर, कोरड्या विहिरीवर नेणार. चाचींना फोन करून तसं कळवलं.

"या की," त्या म्हणाल्या. "पर प्यायचं पानी तेवढं संगट घिऊन या."