फक्त उंबरठा गेला

नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो. ही मात्र अजून मनातून जात नाही.

रिंग रोडपलीकडच्या आमच्या पोलिस ठाण्यात एक वयस्कर बाई तक्रार घेऊन आल्या. निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या आजेसासऱ्यांनी आमच्या हद्दीतल्या एका गावात घर बांधले होते. त्या तिरुपतीला गेल्या असताना त्या घराचा सागवानी उंबरठा कोणीतरी उखडून नेला होता.

पंचनामा करताना मी थबकलो. नक्षीची दारे, पितळी कड्या, सगळे जागेवर होते. माल विकायचा असता तर चोराने आधी कड्या काढल्या असत्या.

"संशय कोणावर?"

"धाकट्या जावेवर. जळते माझ्यावर. मी या घरात माप ओलांडून आले. तिचं लग्न कोर्टात झालं. सासूबाईंनी तिला या दारातून आत घेतलंच नाही."

"हे तुम्ही तिला बोलून दाखवता?"

"दर दसऱ्याला. खोटं आहे का?"

पुढे शहरातल्या चिक्कडपल्लीच्या एका सुताराने खबर दिली. "साब, हळद लगेली लकडी है. हिमायतनगर की एक अम्मा काटके छोटी करने बोले. मैं नै काटा."

धाकट्या जाऊबाई हिमायतनगरलाच राहत होत्या. आम्ही त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दाराला ताजे तोरण होते आणि चौकटीबाहेर दोन्हीकडे आलेला एक लांब उंबरठा.

"विकत घेतलाय," त्या म्हणाल्या.

माझ्या हवालदाराने आत यायला बुटाचा पाय त्यावर ठेवला.

"पाय काढा! आमच्या आजेसासऱ्यांनी बसवलेला आहे तो!"

म्हणाल्या आणि वाकून पदराने तो पुसू लागल्या.

ठाण्यात दोघी समोरासमोर आल्या. थोरल्या बाई हट्टाला पेटल्या होत्या, "गुन्हा नोंदवा." नोंदवला असता, तर धाकट्या बाईंच्या घरात नवी सून येते न येते तोच सासू कोर्टात उभी राहिली असती.

"काल सुनेला त्यावरून आत घेतलं, वहिनी," धाकट्या बाई म्हणाल्या. "तिला तरी कोणी बोलू नये."

"माप ठेवलं होतंस?"

"हो. तिनं उजव्या पायानं ओलांडलं."

"मग ती त्या घरची झाली. उंबरठा परत बसव आणि तिला घेऊन ये."

"आणि मी?"

थोरल्या बाईंनी तक्रारीचा कागद स्वतःकडे ओढला. "तू आधी ये. सुनेला आत घ्यायला सासू दारात नको?"

त्यांनी तक्रार मागे घेतली.

चोराने काय नेले यापेक्षा काय सोडले ते आधी पाहावे, हे मी या केसमध्ये शिकलो. आणखी एक गोष्ट आहे, ती सांगावी की नाही कळत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांचे अख्खे आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेले. त्या दिवशी मला दोघींचाही हेवा वाटला. भांडायला त्यांच्याकडे घर तरी होते.